अनुदान ३५ टक्के, मग बाकीचे ६५ कुठून आणायचे?

आबांनी व्हॉट्सॲपवर एक पोस्टर पाठवलं, 'कोल्ड स्टोरेजला ३५ टक्के अनुदान, त्वरित संपर्क साधा', आणि खाली त्यांची व्हॉइस नोट, "हे खरं का रे भाऊ? आपण टाकायचं का आपल्या कंपनीतर्फे?" आबा म्हणजे आमच्या शेतकरी कंपनीतले सगळ्यात जुने सभासद, निफाड तालुक्यात थोडी द्राक्षं, बाकी कांदा, पावसाळ्यात टोमॅटो. मी कंपनीचं कागदपत्राचं काम बघतो, म्हणजे फाइली, बँक, ऑनलाइन अर्ज वगैरे, त्यामुळे असले मेसेज दर आठवड्याला माझ्याकडे येतात आणि मी दरवेळी तुकड्या-तुकड्यात उत्तर देतो. यावेळी म्हटलं सगळं एकदाच लिहून टाकू.

तर पोस्टर खोटं नव्हतं. ३५ टक्के खरंच असतं. पण त्या एका आकड्यामागे जे काही दडलेलं असतं ना, ते पोस्टरवर मावत नाही.

आधी हे बघा की सरकार या गोष्टींना पैसे देतंच का. आपल्याकडे माल पिकवायची अडचण नाहीये. लासलगावला कांदा किती येतो, पिंपळगावला सीझनला टोमॅटोच्या जाळ्यांच्या किती रांगा लागतात ते आपण बघतोच. अडचण आहे ती शेताच्या बांधापासून गिऱ्हाइकाच्या ताटापर्यंतच्या मधल्या रस्त्यात. काढणी, सुकवणी, निवडणं, थंड करणं, साठवणं, गाडी, बाजार, पुन्हा गाडी. हे म्हणजे विहिरीला भरपूर पाणी आहे, मोटार पण चांगली आहे, पण पाइपलाइन चार ठिकाणी गळतेय, असं प्रकरण आहे. आता अशा वेळी कोणी म्हणालं की मोठ्या मोटारीला अनुदान आहे, घेऊन टाका, तर आधी विचारायला पाहिजे ना की बाबा गळतंय कुठे? आमच्याकडे बहुतेक लोक हा प्रश्न न विचारताच अर्ज भरतात, योजना निघाली की वस्तू घ्यायची, आणि मग ती वस्तू कशासाठी घेतली ते नंतर शोधायचं.

गळती पिकानुसार वेगळी असते. द्राक्ष घ्या. द्राक्ष तोडल्यापासून काही तासांत त्याच्यातली उष्णता काढावी लागते, याला प्रीकूलिंग म्हणतात, आणि मग शून्य अंशाच्या आसपास ठेवायचं, दमटपणा नव्वद टक्क्यांच्या वर, पेटीत सल्फरचा पॅड. दुपारी तोडलेला माल संध्याकाळपर्यंत शेडमध्ये नुसता पडून राहिला की देठ सुकतो, मणी गळतात, आणि मग तुमचं कोल्ड स्टोरेज कितीही भारी असलं तरी गेलेलं परत येत नाही. म्हणजे द्राक्षाला गळती पहिल्या काही तासांत आहे.

कांद्याचं उलटं. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिल-मेमध्ये निघतो आणि तो दिवाळीपर्यंत टिकवायचा असतो. तो दोन तऱ्हांनी टिकतो, एकतर साधारण २५ ते ३० अंशाला कोरड्या खेळत्या हवेत, म्हणजे आपली चाळ (कांदा साठवायचं हवेशीर शेड), किंवा मग थेट शून्य ते दोन अंशाला. मधलं तापमान वाईट, दहा-पंधरा अंशाला कांदा मोड काढतो. आणि थंडीतून बाहेर काढलेल्या कांद्यावर पाणी सुटतं, तो लगेच खपवावा लागतो नाहीतर कोंब येतात. म्हणून कांद्याला सरसकट कोल्ड स्टोरेज हे उत्तर नाही. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं जे विकिरण केंद्र आहे, २००२ सालचं, 'कृषक' म्हणतात त्याला, ते मुळात कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणूनच उभं राहिलं होतं, आणि गंमत बघा, २००७ मध्ये त्याचं नाव जगभर झालं ते आंब्यामुळे, अमेरिकेला जाणारा हापूस तिथून विकिरण होऊन जायला लागला. आपल्या दारातलं मशीन, नाव झालं कोकणातल्या फळावर. असो.

टोमॅटोचं तिसरंच. तो ना चाळीत ठेवता येतो ना महिनोन्महिने थंडीत. त्याची गळती बाजारात आहे, एकाच वेळी सगळ्यांचा माल येतो, भाव पडतो, आणि मग जाळ्याच रस्त्यावर ओतायच्या. तिथे उपयोगी पडते ती लवकर माल हलवणारी गाडी, प्रतवारी करणारं पॅकहाऊस, किंवा प्रक्रिया. आणि प्रक्रियेतही मेख आहे, आपण लावतो ते खायचे टोमॅटो, सॉस-प्युरीवाल्यांना गराचे, कमी पाण्याचे वाण लागतात. म्हणजे "उरलेला माल फॅक्टरीला देऊ" हे बोलायला सोपं आहे.

आता पैशाकडे येऊ, कारण खरी गडबड इथे आहे.

लोक सगळ्यालाच अनुदान म्हणतात, पण निदान तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबलेल्या आहेत. एक म्हणजे खरोखर पैसे मिळतात, परत करायचे नसतात. दुसरं म्हणजे कर्जावरच्या व्याजात सवलत, कर्ज तुमचंच, फेडायचं तुम्हीच. तिसरं म्हणजे हमी, म्हणजे तुमच्याकडे तारण कमी असेल तर बँकेला कोणीतरी सांगतं की बुडालं तर आम्ही आहोत. कृषी पायाभूत सुविधा निधी, ज्याला सगळे एआयएफ म्हणतात, तो १ लाख कोटींचा फंड २०२० मध्ये जाहीर झाला तेव्हा गावात चर्चा होती की मोदी गोडाऊनला पैसे देणार. तो दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात बसतो. २ कोटींपर्यंतच्या कर्जावर वर्षाला ३ टक्के व्याज सवलत, जास्तीत जास्त ७ वर्षं, आणि सोबत कर्जहमी. ६० लाखाचं कर्ज काढलं तर पहिल्या वर्षी साधारण १ लाख ८० हजार वाचतात, पुढे मुद्दल कमी होईल तशी सवलत पण कमी. वाईट नाहीये, उलट चांगलंच आहे, आणि दुसऱ्या योजनेच्या अनुदानासोबत पण घेता येतं. पण त्याला "फुकट गोडाऊन" समजून गेलेले आमचे दोन-तीन सभासद बँकेतून तोंड पाडून आले होते. यात कर्जवाटपाची मुदत २०२५-२६ पर्यंत आणि व्याज सवलतीची २०३२-३३ पर्यंत ठेवलेली होती, तेव्हा आज अर्ज करायच्या आधी बँकेत मुदतीचं विचारून घ्या.

खरं अनुदान कुठे आहे मग? चाळ, पॅकहाऊस, प्रीकूलिंग, कोल्ड स्टोरेज यांना फलोत्पादन अभियानातून. छोट्या प्रक्रिया उद्योगाला पीएमएफएमई म्हणजे सूक्ष्म अन्नप्रक्रियावाली योजना, ३५ टक्के, एका उद्योजकाला जास्तीत जास्त १० लाख. मोठ्या कोल्ड चेनला केंद्राची किसान संपदा योजना, तिथे साध्या भागात ३५ आणि अवघड भागात ५० टक्के, वरची मर्यादा १० कोटी. शेतकरी कंपन्यांना राज्यात स्मार्ट प्रकल्प आला जागतिक बँकेच्या पैशातून, त्यात मंजूर प्रकल्पाला ६० टक्क्यांपर्यंत, आणि मॅग्नेट हा एशियन डेव्हलपमेंट बँकेच्या कर्जातला, तो फळं-भाजीपाल्याच्या साखळीवर. अवघड भागात आपला आदिवासी पट्टा पण येतो, म्हणजे सुरगाणा-पेठकडच्या लोकांनी ५० टक्क्यांचं आवर्जून विचारावं, सापुताऱ्याच्या रस्त्याला स्ट्रॉबेरी विकणारे जे बसलेले असतात ना, त्यांच्या मालाला थंड गाडीची गरज आपल्यापेक्षा जास्त आहे आणि फाइली मात्र सगळ्या बागायती तालुक्यातून जातात. हे मला खटकतं.

आता ३५ टक्के कशाचे? इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. तुमच्या बिलाचे नाही. सरकारने ठरवलेल्या खर्चाचे, ज्याला मापदंड म्हणतात. फलोत्पादन अभियानाच्या २०१४ च्या मापदंडात साध्या कोल्ड स्टोरेजला टनाला ८ हजार रुपये धरलेले होते. हजार टनाचं स्टोरेज म्हणजे ८० लाख, त्याचे ३५ टक्के म्हणजे २८ लाख. आता तुमचं काम जर सव्वा कोटीला गेलं, जे काही जगावेगळं नाही, तर तुम्हाला २८ लाखच मिळणार, म्हणजे प्रत्यक्षात बावीस-तेवीस टक्के झाले. पॅकहाऊसला ४ लाख धरून त्याचे निम्मे २ लाख. कांदाचाळीला २५ टनाला पावणेदोन लाख खर्च धरून निम्मे म्हणजे ८७,५०० रुपये, टनाला ३,५०० पडले. हे दर नंतर सुधारलेत, त्यामुळे आज अर्ज करताना चालू दर तालुका कृषी कार्यालयातूनच घ्यायचा, माझ्या किंवा पोस्टरवाल्याच्या भरवशावर नाही. पण हिशोबाची पद्धत तीच राहते, मापदंड किंवा खरा खर्च, दोन्हीतलं जे कमी असेल त्यावर टक्के.

शिवाय काही गोष्टी हिशोबात धरतच नाहीत. जागेची किंमत नाही. पीएमएफएमईमध्ये बांधकाम पण एका मर्यादेतच, मुख्य भर मशिनरीवर. आणि खेळतं भांडवल. त्याच्याकडे नंतर येतो कारण त्यानेच कंपन्या मरतात.

दुसरी गोष्ट, पैसे येतात कधी? आबांना वाटत होतं मंजुरी आली की खात्यात पडतील आणि मग काम चालू करू. नाही हो. चाळीला आधी महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज, मग निवड, कागदपत्रं, पूर्वसंमती, मग तुम्ही स्वतःच्या पैशाने बांधायचं, बिलं जपायची, मग जागेवर येऊन तपासणी, फोटो, आणि मग खात्यात. यात पूर्वसंमती हा शब्द लाल अक्षरात लिहून ठेवा. पूर्वसंमतीच्या आधी काम केलं की अनुदान गेलं. मागच्या उन्हाळ्यात आमच्याच गावात एकाने पाऊस येईल म्हणून घाईघाईत चाळ उभी केली, संमती पंधरा दिवसांनी आली, तपासणीला आलेले साहेब पण हळहळले पण करणार काय, बिलावरची तारीख आधीची. आता अर्जाला फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक लागतो, तो नसेल तर अर्जच पुढे सरकत नाही, त्यामुळे ज्यांनी अजून काढला नाही त्यांनी आधी ते उरकून घ्या.

बँकेशी जोडलेल्या अनुदानात अजून वेगळी भानगड आहे, बॅक एंडेड सबसिडी. ही उदाहरणाने सांगतो. समजा तुमच्या वहिनी आणि अजून चार जणी मिळून कांदा सुकवून पावडर-फ्लेक्स करायचं युनिट टाकताहेत, खर्च २० लाख. स्वतःचे निदान १० टक्के, म्हणजे २ लाख. १८ लाख बँकेचं कर्ज. ३५ टक्के अनुदान म्हणजे ७ लाख. हे ७ लाख वहिनींच्या हातात येत नाहीत. ते त्या कर्जाच्या शेजारी बँकेत एका वेगळ्या खात्यात ठेवले जातात, कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज लागत नाही, म्हणजे व्याज ११ लाखावर. शेवटचा हप्ता उचलल्यापासून ३ वर्षं खातं नियमित राहिलं आणि युनिट चालू असलं तर मग ते ७ लाख कर्जात वळते होतात. खातं थकलं की ते पण गेले. म्हणजे सरकार म्हणतंय, तू तीन वर्षं टिकून दाखव, मग देतो. मला व्यक्तिशः ही पद्धत पटते, कारण नाहीतर पत्र्याचं शेड उभं करून अनुदान उचलून पुढच्या वर्षी तिथे मंगल कार्यालय काढणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. पण ज्याला वाटत होतं की अनुदानातून आपला २ लाखाचा हिस्सा भरू, त्याचं गणित पहिल्याच दिवशी कोसळतं. पोस्टरवर संपर्क करा म्हणणारे एजंट नेमकं हेच सांगत नाहीत, उलट "तुमचा हिस्सा आपण बिलात ॲडजस्ट करू" म्हणतात, म्हणजे मशीनचं बिल फुगवू. एकाने आमच्या कंपनीला पण ही ऑफर दिली होती, वर मंजूर रकमेच्या दहा टक्के त्याची फी. आम्ही चहा पाजून पाठवून दिला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे वस्तू बांधून झाल्यावर ती वर्षातले किती दिवस चालणार.

आमच्या ओळखीच्या एका गटाने ग्रेडिंगची लाइन घेतली, अनुदानातून, उद्घाटनाला फेटे, पेढे, सगळं. पहिल्या वर्षी ती चौदा दिवस चालली. का? कारण सभासद माल तिथे आणायचेच नाहीत, बाजार समितीत लिलाव झाला की चोवीस तासांत पैसे, आणि कंपनी म्हणायची थांबा, खरेदीदाराने दिले की देतो. आता त्या शेडात ट्रॅक्टर उभा असतो. मशीनमध्ये काहीच खोट नव्हती.

हेच ते खेळतं भांडवल. हिशोब बघा, कंपनी रोज ५ टन टोमॅटो घेते, किलोला १५ रुपयाने, म्हणजे रोजचे ७५ हजार. शेतकऱ्याला पैसे आज किंवा उद्या पाहिजेत. मोठा खरेदीदार, मॉलवाला म्हणा, पैसे एकवीस दिवसांनी देतो. ७५ हजार गुणिले एकवीस, पावणेसोळा लाख. एवढे पैसे कायम रस्त्यात अडकलेले, एकाच पिकासाठी, फायदा-तोटा दूरच. आणि या पावणेसोळा लाखाला कुठलंच इमारतीचं अनुदान लागू नाही. १० हजार शेतकरी कंपन्यांची जी केंद्राची योजना २०२० मध्ये आली त्यात तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत चालवायचा खर्च आणि सभासदाच्या भागाला जोड म्हणून २,००० रुपयांपर्यंत, कंपनीला जास्तीत जास्त १५ लाख असं ठेवलेलं होतं, त्यातलं ते भागभांडवल या कामी येतं. म्हणून मी आमच्या मीटिंगमध्ये नेहमी म्हणतो की शेडच्या आधी शेअर वाढवा, आणि सगळे माझ्याकडे असे बघतात जसं काय मी वर्गणी मागायला आलोय.

कोल्ड स्टोरेजचं पण असंच. द्राक्षाचा सीझन जानेवारी ते एप्रिल. मेमध्ये खोल्या रिकाम्या. पण विजेचा स्थिर आकार रिकाम्या खोलीला पण लागतो, बँकेचा हप्ता पण लागतो, ऑपरेटरचा पगार पण. त्यामुळे जे चालवतात ते द्राक्षानंतर बेदाणा, मग डाळिंब, मग अजून काही, असं वर्षभर फिरवत ठेवतात. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्सचं जे काम विलास शिंदेंनी आणि शेतकऱ्यांनी उभं केलंय ते बघायला आपल्याकडून बसेस भरून जातात, आणि सगळे तिथली मोठी शेडं बघून येतात. मी म्हणतो शेडं बघू नका, हे बघा की द्राक्षावर सुरू झालेली कंपनी टोमॅटोवर, फळांच्या गरावर, काजूवर का गेली. वर्षभर मशीन फिरतं ठेवायला. आणि २०२२ मध्ये त्यांनी युरोपातल्या गुंतवणूकदारांकडून ३१० कोटी उभे केले, ते अनुदान नव्हतं, गुंतवणूक होती. आपण काय लगेच तिथे पोहोचणार नाही, पण दिशा कळते.

चालवायच्या खर्चाला अनुदान दिलं तर काय होतं ते पण आपण बघितलंय. ७ ऑगस्ट २०२० ला देशातली पहिली किसान रेल, म्हणजे शेतमाल नेणारी गाडी, आपल्या देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला सुटली. पुढे ऑपरेशन ग्रीन्समधून, जी मुळात २०१८ च्या बजेटमध्ये टोमॅटो-कांदा-बटाट्यासाठी ५०० कोटींची म्हणून आली होती, तिच्यातून भाड्यात ५० टक्के सवलत मिळाली. डाळिंबवाले खूश होते, थोडा माल असला तरी पाठवता यायचा, पूर्ण ट्रक भरायची गरज नाही. मग सवलत थांबली आणि गाड्या पण थांबल्या. ज्यांनी त्या दोन वर्षांत बिहार-बंगालच्या व्यापाऱ्यांशी थेट ओळखी बांधल्या त्यांच्याकडे त्या ओळखी तरी उरल्या.

आणि एक गोष्ट अनुदानाने कधीच सुटणार नाही, ती पण सांगतो, कारण चाळीचं गणित करताना लोक विसरतात. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली ती मे २०२४ पर्यंत. चाळ कितीही चांगली असो, एका रात्रीत आलेल्या निर्णयापुढे ती काही करू शकत नाही. फक्त एवढं होतं की ज्याच्याकडे चाळ होती त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी मिळेल त्या भावाला माल ओतायची सक्ती नव्हती.

चाळीचं गणित आबांना कागदावर मांडून दाखवलं होतं तेच इथे देतो. २५ टन म्हणजे २५० क्विंटल. समजा एप्रिलमध्ये भाव १,२०० आहे, आज विकला तर ३ लाख. साठवला आणि ऑक्टोबरपर्यंत पाव हिस्सा गेला, काही सडला, काहीला कोंब आले, काही नुसतंच वजन घटलं, तर उरले १८७.५ क्विंटल. तेच ३ लाख मिळायला भाव १,६०० पाहिजे, मजुरी वेगळी. आता चांगल्या चाळीत घट पंधरा टक्क्यांवर आणली तर उरतात २१२.५ क्विंटल, आणि मग १,४१० च्या आसपास भावाला तुम्ही बरोबरीत. हा जो क्विंटलमागे १९० रुपयांचा फरक आहे ना, चाळ तुम्हाला तेवढं विकत घेऊन देते. भाव वाढवत नाही, फक्त थांबायची किंमत कमी करते.

पण घट पंधरावर आणायला नुसती चाळ पुरत नाही. एकपाखी (एका ओळीची) चाळ दक्षिणोत्तर, दोनपाखी (दोन ओळींची) पूर्व-पश्चिम, तळ जमिनीपासून उचललेला, खालून हवा आत शिरली पाहिजे, रुंदी चार फुटांच्या आत, कांद्याचा थर चार-पाच फुटांच्या वर नको. हे सगळं बरोबर केलं आणि कांदाच ओला भरला तर काय उपयोग? काढणीआधी पंधरा दिवस पाणी तोडा, शेवटच्या महिन्यात युरिया मारायचा मोह टाळा, पातीसकट शेतात सुकवा, मग इंच-सव्वा इंच मान ठेवून पात कापा, सावलीत आणखी दहा-बारा दिवस. याला एक रुपया अनुदान नाही आणि बरीच घट इथेच ठरते. आमची आजी हे सगळं कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय करायची, थर मात्र तिचा पण डोक्याच्या वर जायचा, तिथे तिचं चुकायचं.

मग आबांना मी काय सांगितलं? तीन प्रश्न विचारले. आबा, आपल्या कंपनीत द्राक्षवाले किती? म्हणाले नऊ. नऊ जणांच्या मालाने हजार टनाचं स्टोरेज कसं भरणार? गप्प. बरं, भाड्याने द्यायचं म्हणाल तर आपल्या पाच-सहा किलोमीटरात आधीच किती स्टोरेज आहेत? म्हणाले तीन, त्यातलं एक मे ते डिसेंबर बंदच असतं. आणि तिसरा, त्या जागेला डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर कुठलाय? म्हणाले, तिथे तर शेतीपंपच रात्री चालतात. आबा हसले, म्हणाले, "मग कशाला लोकं पोस्टर पाठवतात रे?"

शेवटी ठरलं असं की स्टोरेज नाही. ज्यांचा उन्हाळ कांदा जास्त आहे अशा सात जणांनी आपापल्या नावावर चाळीचा अर्ज करायचा, २५ टनापर्यंत, आणि कंपनीने एक साधं पॅकहाऊस, चावडीच्या मागच्या जागेवर, नोंदणीकृत भाडेकराराने, म्हणजे टोमॅटोची निवड तिथे होईल आणि द्राक्षवाल्यांना तोडल्याबरोबर सावलीत माल आणता येईल. प्रीकूलिंग त्यांनी शेजारच्या स्टोरेजवाल्याकडे भाड्याने घ्यायचं, तो तसाही गिऱ्हाईक शोधतोय. कोटेशनं तीन-तीन घेतलीत, दोन मालेगावची एक नाशिकचं. सातबारा, आठ अ, फार्मर आयडी, आधार जोडलेलं खातं, कंपनीचा ठराव, सगळं एका फाइलीत लावलंय, भाडेकराराची झेरॉक्स तीनदा काढावी लागली कारण पहिल्या दोन्हीत शिक्का उठला नव्हता.

आबांनी वाळू-खडी आधीच आणून टाकली, स्वस्त मिळाली म्हणे. मी हात जोडून सांगितलंय, वाळू टाका, विटा टाका, पण पाया खणू नका, पूर्वसंमती अजून आलेली नाहीये. त्यामुळे रोज सकाळी आठ वाजता ते खळ्यावर त्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसतात आणि मी दुधाला निघालो की मोबाईल पुढे करतात, "बघ रे, मेसेज आला का?"